मराठी टेक्स्ट फाइल्स स्पार्कमध्ये वाचायच्या तर: वापरून पाहिलेल्या रीडर्सबद्दल

स्पार्क म्हणजे मोठा डेटा अनेक मशीनवर वाटून हाताळणारी प्रणाली, आणि रीडर म्हणजे फाइल वाचून तिच्यातला मजकूर हातात देणारा भाग. माझं मत आधीच सांगते. फाइल यूटीएफ-८ (अक्षरं बाइटमध्ये साठवण्याची एक पद्धत) असेल तर स्पार्क.रीड.टेक्स्ट घ्या. बाकीचे रीडर खास कारण असेल तेव्हाच.

विक्रोळीच्या आमच्या ऑफिसात डिलिव्हरीबद्दलच्या मराठी तक्रारी छाननीला येतात. 'हिंदमाताला पाणी भरलंय, माणूस परत गेला', 'मिलन सबवे बंद होता, पार्सल भिजलं', असा मजकूर. जून ते सप्टेंबर ढीग वाढतो आणि छाननीचा रात्री चालणारा जॉब, म्हणजे प्रोग्रॅम, सकाळच्या आत संपावाच लागतो. त्यामुळे रीडर कोणता, हा प्रश्न आमच्यासाठी अगदी रोजचा आहे.

मूळ रीडर म्हणजे हडूप या स्पार्कच्या आधीच्या तशाच प्रणालीचा टेक्स्टइनपुटफॉरमॅट. एचडीएफएस या हडूपच्या फाइल-साठ्यात ब्लॉक डिफॉल्ट १२८ एमबीचा, आणि फाइल साधारण त्या मापाने तुकडे करून वाटली जाते. तुकडा ओळीच्या मध्येच पडला तर? पहिला सोडून प्रत्येक तुकडा आपली सुरुवातीची ओळ टाकून देतो, आणि आधीचा तुकडा हद्द ओलांडून ती पूर्ण वाचतो. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८मध्ये ३ बाइट घेतं, तरी भीती नाही, कारण नव्या ओळीचा ०ए (हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायात लिहिलेला) हा बाइट त्या तिन्हींत कधीच येत नाही. ही रचना मला मनापासून आवडते. फक्त प्रत्येक ओळीसोबत मिळणारी की, म्हणजे तिची खूण, ही ओळीचा क्रमांक नसते, फाइलच्या सुरुवातीपासूनचं बाइटमधलं अंतर असतं. नवीन मुलांना हे पहिल्याच दिवशी सांगावं.

खरी परीक्षा यूटीएफ-१६ फाइलची, जिच्यात देवनागरीचं चिन्ह दोन बाइटांत साठवलेलं असतं. एका ग्राहक कंपनीकडून एक्सेलमधून 'युनिकोड टेक्स्ट' म्हणून सेव्ह केलेल्या फाइल्स आल्या आणि ओळींची संख्या तक्रारींपेक्षा कितीतरी जास्त निघाली. कारण सापडलं तेव्हा मी थक्क झाले. 'ऊ' या अक्षराचा युनिकोड क्रमांक ०९०ए. यूटीएफ-१६मध्ये तो ०ए आणि ०९ असे दोन बाइट होऊन बसतो, आणि रीडरला त्यातला ०ए म्हणजे ओळ संपली असं वाटतं. म्हणजे 'पाऊस' आला की ओळ तुटली! 'भाऊ', 'घेऊन', 'जाऊन', सगळीकडे तेच. दीर्घ ऊकाराच्या मात्रेला मात्र काही होत नाही, त्यामुळे 'दूध' आणि 'फूल' शाबूत राहतात आणि घोळ लवकर ध्यानात येत नाही. कीव्हॅल्यूटेक्स्टइनपुटफॉरमॅट वापरला तर आणखी वाईट. तो टॅबवर की आणि व्हॅल्यू वेगळी करतो, टॅबचा बाइट ०९, आणि देवनागरीच्या प्रत्येक अक्षरात तो आहेच. कुठलाही रीडर निवडण्याआधी अशा फाइल्स आयकॉन्व्ह या कमांडने यूटीएफ-८ करून घ्या. आमच्याकडे ही पायरी आता सक्तीची आहे.

आता बारीक फाइल्स. स्पार्कचाच एससी.टेक्स्टफाइल हा रीडर प्रत्येक फाइलला निदान एक टास्क (वेगळं चालणारा कामाचा तुकडा) देतो, फाइल चार केबीची असली तरी. दादरच्या बाजारातून कोथिंबिरीच्या प्रत्येक जुडीसाठी वेगळा टेम्पो करावा, तसं ते होतं. स्पार्क.रीड.टेक्स्ट इथे सरस ठरतो. तो छोट्या फाइल्स एकत्र बांधतो, एका पार्टिशनला (एका टास्कच्या वाट्याचा डेटा) डिफॉल्ट १२८ एमबीपर्यंत, आणि एकेक फाइल उघडण्याचा खर्च ४ एमबी धरून हिशेब करतो. ओळ 'व्हॅल्यू' नावाच्या एका कॉलममध्ये येते आणि पुढचं सगळं डेटाफ्रेमवर, म्हणजे कॉलमांच्या तक्त्यावर, होतं. हडूपच्या जुन्या मॅपरिड्यूस पद्धतीच्या जॉबमध्ये हेच काम कम्बाइनटेक्स्टइनपुटफॉरमॅट करतो.

स्पार्कचा होलटेक्स्टफाइल्स हा रीडर फाइलचा पाथ आणि पूर्ण मजकूर अशी जोडी देतो. एका फाइलमध्ये एक पत्र असेल तर छान. पण प्रत्येक फाइल अख्खी मेमरीत मावायला हवी, आणि पार्टिशन्स किती हवीत ते स्वतः सांगावं, नाहीतर मोजकीच होतात आणि क्लस्टर, म्हणजे जोडलेल्या मशीनचा ताफा, बसून राहतो. प्रत्येक टास्कला ठरावीक ओळी देणारा हडूपचा एनलाइनइनपुटफॉरमॅट आमच्या कामाचा नाही. तो तुकडे ठरवायलाच फाइल वाचून काढतो.

जीझिप या फाइल दाबून लहान करण्याच्या पद्धतीबद्दल तर कळकळीने सांगते: जीझिप फाइलचे तुकडे होत नाहीत. दहा जीबीची एक फाइल आली तर एकच टास्क ती चघळत बसतो, रीडर कोणताही असो. बीझिप२ या तशाच दुसऱ्या पद्धतीची फाइल तुकड्यांत वाचता येते पण उलगडायला जास्त वेळ घेते. पाठवणाऱ्यालाच मोठी फाइल तोडून, तुकडे वेगवेगळे जीझिप करून द्यायला सांगणं आम्हाला सगळ्यात सोयीचं पडलं.

शेवटचा प्रकार, एक तक्रार चार-पाच ओळींत लिहिलेली. पार्सल न मिळालेला माणूस एका ओळीत थांबत नाही, आणि त्याचं म्हणणं तोडून वाचलं तर अर्थ जातो. अशा वेळी हडूपमध्ये टेक्स्टइनपुटफॉरमॅट.रेकॉर्ड.डिलिमिटर ही सेटिंग आणि स्पार्कमध्ये २.४पासून मिळणारा लाइनसेप हा पर्याय. दोन्हींत एक रेकॉर्ड, म्हणजे एक नोंद, कुठे संपते ते दाखवणारा विभाजक देता येतो. आमच्या फाइल्समध्ये दोन तक्रारींच्या मध्ये चार हॅश असतात. विभाजक म्हणून फक्त ते चार हॅशच द्या, पुढेमागे नवी ओळ जोडू नका. विंडोजवरून आलेल्या फाइलमध्ये ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्न हे आणखी एक न दिसणारं चिन्ह असतं, मग जोडलेला विभाजक जुळतच नाही आणि सगळी फाइल एकच रेकॉर्ड होऊन एका टास्कच्या मेमरीत शिरते. कडेच्या रिकाम्या जागा नंतर ट्रिम करून घ्या.