"आई, फोन कर आणि रागाव": मुलांनीच चालवलेल्या गटाचा आमचा अनुभव

आधी निकाल सांगते. मित्रांच्या आग्रहाला "नाही" म्हणायला मुलांना शिकवणारा हा बारा आठवड्यांचा उपक्रम चांगला आहे. तुमचं मूल तेरा ते सतराच्या मधलं असेल आणि घरात "हं" आणि "माहीत नाही" यापलीकडे बोलत नसेल, तर जरूर पाठवा. मात्र पाठवण्याआधी एक सत्र स्वतः बघायला मागा, आणि खोलीतली मुलं नेमकी कशावर हसतात ते कान देऊन ऐका. असं का म्हणते ते पुढे येईल.

माझा मुलगा पंधराचा. वर्गातल्या एकाचा फोन त्याने चोरून उचलला. विकला नाही, वापरला नाही, दोन दिवस दप्तराच्या तळाशी नुसता ठेवला. का घेतलास म्हणून विचारलं, तर म्हणाला, "सगळे बघत होते." तेव्हा ती मला पळवाट वाटली. आता वाटत नाही. गार्डनर आणि स्टाइनबर्ग या संशोधकांनी २००५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. ३०६ जणांना गाडी चालवण्याचा व्हिडिओ गेम दिला, काहींना एकट्याने, काहींना त्यांच्याच वयाच्या दोघांच्या सोबत. सोबत कोणी असलं की १३ ते १६ वर्षांची मुलं कितीतरी जास्त धोका पत्करत होती. चोविशी ओलांडलेल्यांना मात्र सोबत कोणी असण्यानसण्याने फारसा फरक पडत नव्हता. म्हणजे माझा मुलगा खरंच सांगत होता, मलाच ते ऐकू आलं नाही.

या गटाआधी आम्ही त्याला दुसऱ्या एका ठिकाणी नेलं होतं. तिथे तुरुंगात जाऊन आलेला एक माणूस मुलांच्या तोंडाजवळ तोंड नेऊन ओरडायचा, कोठडीतल्या गोष्टी सांगायचा. दोन तास. घरी येताना मुलगा त्या माणसाची हुबेहूब नक्कल करत होता, आणि नकलेत कौतुक होतं. मुलांना कैद्यांसमोर उभं करून धाक घालण्याची ही पद्धत अमेरिकेत १९७० च्या दशकात फार गाजली. नंतर अशा उपक्रमांच्या ९ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या, तेव्हा अशा उपक्रमात न नेलेल्या मुलांपेक्षा ही मुलं जास्त गुन्ह्यांत सापडल्याचं दिसलं. हे आधी वाचलं असतं तर ते दोन तास वाचले असते.

आता या गटाबद्दल. आठवड्यातून एकदा दोन तास, अकरा मुलं-मुली, गोल करून बसलेली. चालवणारे दोघं, एक अठराची ताई आणि एक एकोणिसचा दादा. दोघंही पूर्वी याच गटात बसलेले. एक प्रशिक्षित समुपदेशक कोपऱ्यात असतात, पण बहुतेक वेळ गप्प. पहिल्याच दिवशी नियम सांगितला: इथलं बोलणं इथेच राहील, पण कोणाच्या जिवाला धोका असेल किंवा कोणी कोणाला त्रास देत असेल, तर ते मोठ्यांपर्यंत जाईलच. हे मुलांसमोर आणि आम्हा पालकांसमोर एकदमच सांगितलं, म्हणून माझा तिथे विश्वास बसला.

लीडर कसे निवडता, असं मी विचारलं. शिक्षकांच्या आवडत्या, शहाण्या मुलांना ते घेत नाहीत. मुलांनाच विचारतात, तुम्ही कोणाचं ऐकता? ही पद्धत हवेतून आलेली नाही. ब्रिटनमध्ये ५९ शाळांत, बारा-तेरा वर्षांच्या दहा हजारांहून जास्त मुलांसोबत असाच प्रयोग झाला. त्यातल्या निम्म्या शाळांत वर्गानेच नावं सुचवलेल्या मुलांना शाळेबाहेर दोन दिवस शिकवलं, आणि पुढचे दहा आठवडे त्यांनी भाषण न ठोकता मित्रांशी सिगारेटबद्दल सहज गप्पा मारल्या. २००८ मध्ये निकाल आले. बाकीच्या शाळांपेक्षा या शाळांत पुढच्या दोन वर्षांच्या काळात सिगारेट ओढणाऱ्यांचं प्रमाण कमी राहिलं.

तिसऱ्या आठवड्यात पालकांना एक सत्र बघू देतात. त्या दिवशी "नाही" म्हणण्याचा सराव होता. माझ्या मुलाला मधे उभं केलं, दोघं त्याचे मित्र झाले. "चल रे, पाच मिनिटांचं काम आहे." माझा मुलगा ताठ उभा राहून म्हणाला, "हे चुकीचं आहे, मी येणार नाही." ताईने लगेच थांबवलं. "तू खरंच असं बोलशील का त्यांच्याशी?" तो खाली बघत म्हणाला, "नाही." "मग जे बोलशील ते शोध." पाच-सहा वेळा झालं. एकदा पोट दुखतंय म्हणून झालं, एकदा नुसताच गप्प राहिला, हाताने शर्टाचं टोक पिळत. शेवटी म्हणाला, "आई फोन करून करून जीव खाते, मी जातो." मला धस्स झालं, सगळ्या पालकांसमोर असं. ताई मात्र म्हणाली, "हे चालेल. आईचं नाव वापर. आईला विचारून ठेव." आणि माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. दुसरं काय करणार होते!

नवव्या आठवड्यात रात्री पावणेदहाला मेसेज आला: "आई, फोन कर आणि रागाव." मी फोन केला आणि रागावले. आयुष्यात इतकी मन लावून कधी रागावले नसेन. पलीकडून त्याचा रडवेला, वैतागलेला आवाज, "हो गं, येतोय!" वीस मिनिटांत दारात हजर. चप्पल काढताना म्हणाला, "थोडं जास्तच रागावलीस." कुठे होता, कोणासोबत होता, ते मी त्या रात्री विचारलं नाही. चार दिवसांनी त्यानेच सांगितलं. या एका फोनसाठी मी त्या अठरा वर्षांच्या मुलीची जन्मभर ऋणी आहे.

आता तक्रार, आणि ती मोठी आहे. पाचव्या आठवड्यात दोन नवे मुलगे आले, आधीपासूनचे जिगरी दोस्त. त्यांना शेजारीशेजारी बसवलं. त्या दिवशी ताई आजारी होती, तिच्या जागी आलेला लीडर नवखा होता. त्या दोघांनी आपल्या करामती रंगवून सांगितल्या, सगळे खदखदून हसले, तो लीडरही हसला. माझा मुलगा घरी आला तो त्या गोष्टी सांगतच. डोळ्यांत जी चमक होती, ती त्याने वर्गातला तो फोन चोरला त्या आठवड्यात मी पाहिली होती.

याला शास्त्रीय आधार आहे, म्हणून मी गप्प बसले नाही. डिशन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली दाखवून दिलं की वाट चुकलेल्या मुलांना एकत्र बसवल्यामुळेच काही वेळा त्यांचं वागणं आणखी बिघडतं. नियम मोडण्याच्या गोष्टीला मित्रांचं हसू मिळालं की मूल तीच गोष्ट पुन्हा करायला शिकतं. मी दुसऱ्याच दिवशी समुपदेशकांना भेटले. त्यांनी उडवाउडवी केली नाही, हे नमूद करते. त्या दोस्तांना वेगवेगळ्या गटांत टाकलं, आणि नवखा लीडर एकटा चालवणार नाही असं ठरलं. अकरांतली चार मुलं कसल्याच भानगडीत नसलेली, स्वतःहून आलेली होती. त्यांची संख्या वाढवा, असंही मी सांगितलं, कारण गटातली सगळीच मुलं एका माळेची असली तर हसण्याची दिशा बदलणार कोण? त्यावर "बघतो" एवढंच उत्तर मिळालं.

सातव्या आठवड्यात ताई परतली. ती काय करते ते मुलाने सांगितलं. कोणी फुशारकी मारली की ती हसतही नाही, रागावतही नाही. "मग तुझी बहीण काय म्हणाली?" असं काहीतरी विचारते, आणि गोष्ट तिथेच जमिनीवर येते. हे तिला कोणी शिकवलं की स्वतः सोसून आलं, देव जाणे. माझ्या मते हा उपक्रम म्हणजे मुख्यतः तीच आहे.

मूल व्यसनात पुरतं अडकलं असेल किंवा स्वतःला इजा करत असेल, तर हा गट त्याच्यासाठी नाही. आधी डॉक्टर. गट चालवणाऱ्यांनीही पहिल्या भेटीत हेच सांगितलं, भरती वाढवायच्या मागे लागले नाहीत.

आणखी एक उणीव. बारावा आठवडा संपला की सगळं एकदम थांबतं. त्यानंतर दुसऱ्याच महिन्यात आमचा एकदा पाय घसरला, शाळा बुडवली, खोटं बोलला. तेव्हा जायला ती खोली नव्हती. ताईचा नंबर मुलाकडे नाही, द्यायचाही नाही असा नियम आहे, आणि तो बरोबरच आहे. पण महिन्यातून एक भेट तरी ठेवायला काय हरकत आहे? मी लेखी सुचवलंय. पुढच्या तुकडीपासून करू म्हणालेत.

पाचपैकी चार तारे. ती महिन्याची भेट सुरू झाली की पाचवा इथेच येऊन देईन.