मिनी पीसी, नऊ महिन्यांनंतर: डबा चांगलाय, माऊसने मात्र जीव काढला

इंटेलच्या एन-१०० प्रोसेसरवाला मिनी पीसी, म्हणजे तळहाताएवढा डबा, घेऊन नऊ महिने झाले. स्पेक्स एव्हाना सगळ्यांना पाठ असतील त्यामुळे ते परत टाइप करत बसत नाही. मी लिहितेय माऊसबद्दल. हो, माऊसच. चार-पाच महिने मी ह्या डब्याला जेवढ्या शिव्या घातल्या त्या सगळ्या माऊस अडकतो ह्या एका कारणावरून, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त आता परत घ्यायची वेळ आलीये म्हणून हा प्रपंच.

आधी थोडी पार्श्वभूमी. जुना टॉवरवाला पीसी ठणठणीत होता पण विंडोज ११ च्या यादीत त्याचा प्रोसेसर बसत नव्हता आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे अपडेट थांबणार हे ठरलेलंच होतं. काम माझं हिशोबाचं, दिवसभर स्प्रेडशीट, एकीकडे ब्राउजरचे वीसेक टॅब, बास. त्याला गेमिंगवालं मशीन कशाला? म्हणून हा ६ वॅटचा चार कोरवाला प्रकार घेतला, आणि तोही बेअरबोन, म्हणजे रॅम नाही, एसएसडी नाही, कारण जुन्या लॅपटॉपमधली रॅम पडून होती आणि मला पडून असलेल्या वस्तू बघवत नाहीत.

रॅम काही बसेना. मला वाटलं जोर कमी पडतोय, अजून थोडं दाबणार इतक्यात लेबल वाचलं. माझी डीडीआर४, म्हणजे आधीच्या पिढीची, स्लॉट डीडीआर५ चा. पहिलीला २६० पिना, दुसरीला २६२, आणि मधली खाच जराशी सरकलेली, दोन्ही शेजारी धरल्याशिवाय फरक कळतसुद्धा नाही. अजून थोडं दाबलं असतं तर स्लॉट गेलाच होता. मग गुपचूप नवीन १६ जीबीची एक पट्टी घेतली. स्लॉट एकच आहे आणि इंटेल ह्या चिपला अधिकृतपणे १६ पर्यंतच म्हणतं. ३२ लावून चालवणारे लोक आहेत, मला १६ पुरते. एसएसडी ५१२ जीबीची टाकली, ती पाच मिनिटांत बसली, तिच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. फक्त झाकण उघडताना जपून, झाकणातच अडीच इंची डिस्कची जागा आहे आणि तिची कागदासारखी पातळ रिबन केबल मदरबोर्डला जोडलेली असते. झटक्यात उचललंत तर ती हातात येईल.

पहिला महिना मस्त गेला. पंख्याचा आवाज रात्री सगळं शांत असेल तेव्हाच जाणवतो, बूट व्हायला वेळ लागत नाही, टेबलावर अर्धी जागा मोकळी झाली. तेव्हा हा रिव्ह्यू लिहिला असता तर पाचपैकी पाच दिले असते.

मग मला नीटनेटकेपणाचा सोस सुटला. सोबत आलेली टांगायची पट्टी लावून डबा मॉनिटरच्या पाठीवर टांगला, चार स्क्रू, काम फत्ते. पॉवर बटण पार मागे गेलं पण त्यावर उपाय आहे, बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडतो तो मूळ सेटिंगचा मेनू) वीज आली की आपोआप चालू व्हायचं सेटिंग असतं ते ऑन केलं की भिंतीवरच्या बटणाने पीसी सुरू करता येतो (रात्री लाईट जाऊन आली की तोही उठून बसतो, हे लक्षात ठेवा, पहिल्यांदा झालं तेव्हा मी दचकले होते). आणि जुन्या टॉवरची हार्ड डिस्क फेकायची कशाला म्हणून ती एका यूएसबी ३.० च्या केसिंगमध्ये घालून बॅकअपला जोडली. रोज संध्याकाळी सातला बॅकअप. डिस्कची वायर आणि वायरलेस माऊसचं डोंगल (माऊसचा सिग्नल पकडणारा तो यूएसबीचा बारका तुकडा) दोन्ही मागच्या बाजूच्या निळ्या पोर्टांत, शेजारी शेजारी, म्हणजे समोरून काही लोंबकळताना दिसायला नको.

आणि माऊस अडकायला लागला.

बंद पडत नव्हता, तसं असतं तर बरं झालं असतं. मधेच पाव सेकंद थबकायचा आणि मग भलतीकडे उडी मारायचा. स्प्रेडशीटमध्ये सेलच्या कोपऱ्यातला तो बारका चौकोन धरून फॉर्म्युला खाली ओढतो ना आपण, बेचाळीसाव्या ओळीवर थांबायचं तर हा एकोणचाळीसवर गोठायचा, मी अजून ओढायचे, आणि मग एकदम एकसष्टवर. कंट्रोल झेड. परत ओढा. परत एकसष्ट. महिनाअखेरीच्या कामात हे दहा वेळा झालं की माणूस माऊस भिंतीवर फेकायच्या बेताला येतो.

माऊसमधले बॅटरीचे सेल बदलले. माऊस पॅड बदललं. ड्रायव्हर काढून परत टाकला. शेवटी डिस्प्ले सेटिंगमध्ये सहज गेले तर रिफ्रेश रेट, म्हणजे सेकंदाला किती वेळा चित्र बदलतं तो आकडा, ३० हर्ट्झ! मॉनिटर ४के आहे, ६० वर चालायला पाहिजे. मॉनिटरचाच मेनू उघडून पाहिला तर एचडीएमआय (पीसी आणि मॉनिटरमधली जोडणी) जुन्या १.४ वर ठेवलेलं, फॅक्टरीतूनच तसं आलेलं असणार कारण मी कधी हात लावला नव्हता. १.४ मध्ये ४के ला ३० च मिळतात, २.० केलं की ६०. केलं. फुकटात झालं म्हणून मला जो आनंद झाला तो विचारू नका, कर्सर लोण्यासारखा फिरायला लागला, नवऱ्याला बोलावून दाखवलं. ह्या एका गोष्टीसाठी सगळ्यांनी आपापला मॉनिटर तपासा, हे मी आजही सांगेन.

त्याच दिवशी संध्याकाळी सव्वासातला माऊस परत अडकला.

इथे मी चूक केली, नवीन माऊस घेतला. पैसे खर्च करून. आधीच्यापेक्षा चांगल्यातला. तोही अडकला. परत करायची मुदत टळून गेली होती कारण पहिले काही दिवस मी सकाळीच काम करत होते आणि सकाळी तो छान चालायचा. आता तुम्ही म्हणाल सकाळ-संध्याकाळचा फरक लक्षात कसा नाही आला? नाही आला. डोक्यात एकच, मदरबोर्डचं यूएसबी गेलंय, वॉरंटी आहे, बदलून घ्यायचं.

मग सर्व्हिस सेंटर. पहिल्या वेळी डबा दहा दिवस ठेवून घेतला आणि शेरा आला की दोष आढळला नाही. घरी आणला, टांगला, संध्याकाळी अडकला. दुसऱ्या वेळी तिथला माणूस म्हणतो मॅडम तुम्ही बाहेरची रॅम टाकलीये. अरे, बेअरबोन तुम्हीच विकता ना? मग रॅम काय कुंडीत लावायची? त्यावर एसएसडीही बाहेरची आहे म्हणाला. मी आवाज चढवला, त्याने फॉर्म पुढे केला, पुन्हा आठ दिवस, पुन्हा तोच शेरा, आणि वर त्यांच्या टेबलावर त्यांचाच माऊस लावून चालवलेला व्हिडिओ. गुळगुळीत. माझा संताप अनावर. एक तारा द्यायचं मी तेव्हाच पक्कं केलं होतं.

तिसऱ्यांदा फोन केला तो खरं तर भांडायलाच. ह्या वेळी दुसरा कोणीतरी मुलगा होता, त्याने भांडू दिलं आणि मग विचारलं, "मॅडम, घरी ह्याला अजून काय काय जोडलेलं असतं?" मी म्हटलं मॉनिटर, कीबोर्ड, बॅकअपची डिस्क. "डिस्क यूएसबी ३ ची आहे का? डोंगलच्या शेजारीच लावलीये का?" मी गप्प. "डिस्क काढा आणि बघा."

काढली. माऊस गुळगुळीत. लावली आणि बॅकअप सुरू केला. अडकला. काढली. गुळगुळीत. हे मी सलग सहा वेळा केलं, लहान मुलं दिव्याच्या बटणाशी खेळतात तसं.

भानगड अशी आहे. यूएसबी ३.० ची वायर ५ गिगाबिट वेगाने डेटा नेते आणि तेव्हा तिच्यातून, प्लगमधून जी रेडिओची खरखर बाहेर पडते ती २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातही सांडते. वायरलेस माऊसची डोंगलं त्याच पट्ट्यात बोलतात, ब्लूटूथही तिथेच, जुनं वायफायही तिथेच. इंटेलने २०१२ मध्येच ह्यावर अख्खा पेपर काढलेला आहे. आणि ही खरखर गाळून टाकता येत नाही कारण डेटाच्या सिग्नललाही तोच पट्टा लागतो, गाळणी लावली तर डेटाचीच वाट लागेल. उरतात दोनच उपाय, चांगलं शिल्डिंग (खरखर अडवणारं आवरण) नाहीतर अंतर. डिस्क झोपलेली असली की खरखर कमी, म्हणून सकाळी सगळं सुरळीत. आणि सर्व्हिसवाल्यांना दोष सापडणार कसा, दोष माझ्या टेबलावर राहिला होता, मी फक्त डबा पाठवत होते!

तर सर्व्हिसबद्दल मत बदलतेय, पण अर्धंच. त्या पोराला पैकीच्या पैकी. बाकीच्यांनी अठरा दिवस मशीन ठेवून घेतलं आणि हा एक प्रश्न विचारायचं कुणाला सुचलं नाही, त्याचं काय?

डोंगल आधी पुढच्या पोर्टात लावून पाहिलं. सुधारलं पण पूर्ण नाही. डबाच तळहाताएवढा, त्यात लांब जाऊन जाणार कुठे, शिवाय मधे मॉनिटरची पाठ. नवरा म्हणाला, अगं ब्लूटूथचा माऊस घे. म्हणजे तिसरा माऊस, आणि तोही त्याच पट्ट्यातला! मग ड्रॉवर उपसला, तळाशी एक जुनी काळी यूएसबी एक्स्टेंशन वायर सापडली, वितीपेक्षा जरा मोठी, कशासोबत आली होती देव जाणे. तिचं टोक मॉनिटरच्या स्टँडला खालच्या बाजूला चिकटपट्टीने लावलं, डोंगल त्यात. यूएसबी २ ची जुनाट वायर आहे, माऊसला ती चिक्कार झाली. त्या दिवसापासून आजपर्यंत, म्हणजे साडेतीन महिने, माऊस एकदाही अडकला नाही, भर बॅकअपमध्येसुद्धा नाही. हुरूप येऊन वायफायही ५ गिगाहर्ट्झवर नेलं, संध्याकाळी ते रडायचं तेही थांबलं. त्याचा दोष मी इतके दिवस नेटवाल्याला देत होते.

आता माझी खरी तक्रार, आणि ती मी सोडणार नाही. चार यूएसबी पोर्टं, पुढे दोन मागे दोन, दोन्हीकडे एकमेकांना खेटून. एक, फक्त एक पोर्ट बाजूच्या कडेला दिलं असतं तर काय बिघडलं असतं? उजवी बाजू पूर्ण मोकळी आहे, तिथे नुसती जाळी. तेही जमत नसेल तर खोक्यात वीतभर एक्स्टेंशन टाका, काही वायरलेस माऊसवाले देतात तशी. माहितीपत्रकाची पाच भाषांतली घडी द्यायला बरा कागद मिळतो आणि त्यात डोंगल डिस्कपासून लांब लावा ही एक ओळ नाही. मी शोधली, दोनदा.

बाकी पाचपैकी चार. कापलेला एक त्या मोकळ्या उजव्या बाजूसाठी. दुसरा माऊस खोक्यात तसाच आहे, डीडीआर४ च्या पट्ट्यांशेजारी.