रात्रीच्या जेवणाला काय: मुगाची खिचडी की पिठलं-भाकरी?

कामावरून दमून आल्यावर माझ्यासमोर हे दोनच पर्याय असतात.

खिचडीला १ वाटी तांदूळ, अर्धी वाटी मूगडाळ, ४ वाट्या गरम पाणी. हिंग-जिरे-हळदीची फोडणी, कुकरच्या ३ शिट्ट्या, आणि घासायला एकच भांडं. तांदळात कमी असलेलं लायसीन (प्रथिनांतला एक गरजेचा घटक) डाळ भरून काढते, म्हणून ही जोडी पोषक. लहान मूल, आजारी माणूस, सगळ्यांना चालते. वर तूप मात्र हवंच.

पिठलं तर त्याहूनही पटकन होतं. कांदा-लसूण-मिरची परतून पाणी उकळायचं, एका हाताने बेसन भुरभुरवत दुसऱ्याने घोटत राहायचं. वेळ जातो तो भाकरीत. ज्वारीत ग्लुटेन नसतं, त्यामुळे पीठ गव्हासारखं धरून राहत नाही; पीठ जुनं असलं की थापतानाच कडा चिरतात. अशा वेळी मी कढत पाण्यात पीठ भिजवते आणि तळहाताने रगडून मळते. तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवायचा, ते पाणी पुरतं सुकायच्या आत उलटायची. शेवटी आचेवर धरली की टम्म फुगते. तो पापुद्रा सोडवून त्यावर गरम पिठलं, कच्चा कांदा, तेलात कालवलेली शेंगदाण्याची चटणी!

घाई असेल तर खिचडी लावा. पण अर्धा तास हाताशी असला, तर मी दरवेळी परातच काढते.