आठ महिने रोज तुळस : घसा सुधारला, झोपेचं श्रेय अर्धंच, साखरेबद्दल सांगता येत नाही

माझं काम दिवसभर बोलण्याचं. रोज पाच-सहा तास शिकवते. गेल्या वर्षी संध्याकाळपर्यंत घसा इतका धरायचा की घरच्यांशी बोलायचाही कंटाळा यायचा. दर दोन वाक्यांनंतर खाकरायची सवय लागली होती. डॉक्टरांनी घसा तपासला, गाठ वगैरे काही नाही असं सांगितलं आणि पाणी जास्त प्या, आवाज चढवू नका म्हणाले. ते पाळत होतेच, त्याच्या जोडीला तुळस सुरू केली. या मधल्या आठ महिन्यांत तीन प्रकारांनी घेऊन पाहिली, मध्ये मुद्दाम थांबवूनही पाहिली. सुरुवातीला मलाही कुणाचा तरी असा सविस्तर अनुभव वाचायला हवा होता, म्हणून लिहितेय.

पहिले तीन आठवडे सकाळी उपाशीपोटी पाच-सहा पानं चावून खाल्ली. ताजं पान दाताखाली आलं की आधी तुरट लागतं, मग लवंगेसारखा तिखट झटका बसतो आणि जिभेचं टोक हलकंसं बधिर होतं. हे युजेनॉलमुळे. लवंगेतही मुख्य द्रव्य हेच, आणि दंतवैद्य तात्पुरतं सिमेंट भरतात त्यात झिंक ऑक्साइडबरोबर हेच युजेनॉल असतं. घशाला बरं वाटायचं, पण जेमतेम अर्धा तास. उपाशीपोटी मला थोडं जळजळायचंही.

मग कॅप्सूल घेतल्या, साधारण सहा आठवडे. सोय म्हणून उत्तम, पण माझ्या कामाच्या नव्हत्या. ढेकर यायचे आणि घशाला काहीच फरक नाही. विचार केल्यावर कारण कळलं: कॅप्सूल घशाला न शिवता थेट पोटात जाते. ज्यांना तुळस ताणतणावासाठी हवी आहे त्यांचं गणित वेगळं असेल. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत 100 प्रौढांपैकी निम्म्यांना आठ आठवडे तुळशीचा अर्क 125 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा दिला होता, बाकीच्यांना औषध नसलेली गोळी. अर्क घेणाऱ्यांचा ताण आणि झोपेच्या तक्रारी जास्त कमी झाल्या, केसांतलं कॉर्टिसॉल म्हणजे ताणाचं संप्रेरकही कमी भरलं. मला ती चाचणी महत्त्वाची वाटते, कारण तिथे फक्त विचारपूस नव्हती, मोजमापही होतं. पण तो ठरावीक प्रमाणात बनवलेला अर्क होता. डबीवर नुसतं ‘तुळस 500 मिलिग्रॅम’ लिहिलेलं असतं तेव्हा आत अर्क आहे की साधी पूड, पानांची आहे की अख्ख्या झाडाची, हे बघायलाच हवं. पुडीच्या 500 ची अर्काच्या 125 शी तुलना होऊच शकत नाही. माझ्या डबीत पूड होती, हे माझ्या लक्षात यायला महिना गेला.

तिसऱ्या महिन्यापासून तुळशीचा गरम कप सुरू केला आणि तोच टिकला. आठ-दहा ताजी पानं बोटांनी चुरगळून कपात टाकते, त्यावर उकळून उतरवलेलं पाणी, वर लगेच झाकणी, आठ मिनिटं. झाकणी महत्त्वाची आहे. आधी मी पानं उघड्या भांड्यात दहा-दहा मिनिटं उकळायचे. घरभर सुगंध सुटायचा आणि मला वाटायचं काढा छान जमला. खरं तर जे कपात हवं तेच वाफेबरोबर उडून जात होतं. आता झाकणी उचलते तेव्हा तिच्या आतल्या बाजूला थेंब लटकलेले असतात. एकदा त्यातला एक चाटून पाहिला, चक्क लवंगेची चव! तेव्हापासून ते थेंब परत कपातच झटकते. पान कुठलं तेही पाहा. जांभळ्या देठाची कृष्ण तुळस माझ्या जिभेला जास्त तिखट लागते, हिरवी राम तुळस सौम्य. सब्जा ज्याचा निघतो ती वनस्पती याच कुळातली असली तरी ही तुळस नव्हे.

घशाला फरक पडला तो कप सुरू केल्यावर साधारण तिसऱ्या आठवड्यात. एकदम नाही. एक दिवस शेवटचा तास संपवताना जाणवलं की आज मधे एकदाही खाकरले नाही. संध्याकाळचा बसका आवाज आठवड्यातून चार-पाच दिवस असायचा, तो एखाद्या दिवसावर आला. चरकसंहितेत श्वासाच्या विकारांवरच्या दहा द्रव्यांमध्ये तुळस ‘सुरसा’ या नावाने आहे. घसा आणि श्वास हेच तिचं जुनं क्षेत्र, आणि माझाही अनुभव तिथेच सगळ्यात ठाम आहे. सर्दी मात्र या काळात दोनदा झालीच. लवकर बरी झाली का, हे मी प्रामाणिकपणे सांगू शकत नाही. तुळस घेतली की आजारच होत नाहीत, असं म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका.

झोपेचं प्रकरण मला जास्त शिकवून गेलं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मी पडल्या पडल्या झोपायला लागले आणि भेटेल त्याला तुळशीचे गुण सांगत सुटले. मग लक्षात आलं की तुळशीचा कप मी संध्याकाळच्या चहाच्या जागी घेत होते. तुळशीत कॅफीन नसतं, चहात असतं. मग झोप कुणामुळे आली? पाचव्या महिन्यात दोन आठवडे त्याच वेळी त्याच कपात नुसतं गरम पाणी प्यायले, चहा बंदच ठेवला. झोप बरीचशी तशीच राहिली, किंचित उथळ झाली इतकंच. घसा मात्र पाचव्या-सहाव्या दिवशी पुन्हा कुरकुरायला लागला. म्हणून घशाचं श्रेय तुळशीला, आणि झोपेचं अर्धं चहा सुटल्याला. तुम्हीही काही नवीन सुरू कराल तेव्हा त्याच्यासोबत आणखी काय बदललं, ते एका वहीत लिहून ठेवा.

माझी उपाशीपोटीची साखर सीमारेषेवर असते. आठ महिन्यांपूर्वी 112 होती, आता 106. याच काळात मी रोज चालायलाही लागले, त्यामुळे हे सहा आकडे कुणाचे ते मला ठरवता येत नाही. 1996 साली प्रसिद्ध झालेल्या मधुमेहींवरच्या एका चाचणीत तुळशीची पानं घेण्याच्या काळात उपाशीपोटीची साखर सरासरी 17.6 टक्के आणि जेवणानंतरची 7.3 टक्के कमी भरली होती. आशा वाटावी असाच निकाल, पण त्यात रुग्ण 40च होते. 2017 च्या एका आढाव्यात माणसांवर झालेले 24 अभ्यास एकत्र तपासले, तेव्हाही सूर असाच होता: परिणाम बहुतेक ठिकाणी चांगले, पण मोठ्या आणि नीट आखलेल्या चाचण्यांची अजून गरज. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर तुळशीच्या भरवशावर ते कमी करू नका. दोन्हींमुळे साखर खाली जाऊ शकते, म्हणून डॉक्टरांना आधी सांगा आणि मोजत राहा.

आता माझी चूक. मला बरं वाटलं म्हणून मी आईलाही रोज सकाळ-संध्याकाळ तोच कप द्यायला लागले. आईला रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू आहे. ‘साधी तुळसच तर आहे’ म्हणून मी विचारलंसुद्धा नाही. नेहमीच्या तपासणीला तिनेच सहज सांगितलं तेव्हा डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाले, ‘‘आईंच्या गोळीचा डोस आपण रक्त तपासून ठरवतो. तुळशीचा कसा ठरवणार?’’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत तुळशीमुळे रक्त गोठायला जास्त वेळ लागल्याचं दिसलं आहे. आईला सुदैवाने काही झालं नाही, कप त्याच दिवशी बंद केला. पण ती शांतपणे ‘‘अगं, तू प्रेमाने देत होतीस म्हणून घेतलं’’ म्हणाली, ते अजून मनातून जात नाही. गरोदरपणात, किंवा मूल हवं असताना स्त्री-पुरुष दोघांनीही, रोजची औषधी मात्रा डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. प्राण्यांमध्ये शुक्राणूंची संख्या घटल्याच्या नोंदी आहेत.

रोज दहा पानं म्हणजे एका झाडाला झेपत नाही, हेही लक्षात ठेवा. माझ्याकडे आता तीन कुंड्या आहेत. भरपूर ऊन लागतं. मंजिरी आली की ती खुडावी लागते, नाहीतर झाड बियांच्या मागे लागतं आणि पानं बारीक होत जातात. थंडीत पानं काळपटून गळली तेव्हा आधी सावलीत सुकवून ठेवलेली पानं वापरली. बोटांत कुस्करली की चुरचुर आवाज यावा इतकी सुकवायची, नाहीतर बुरशी धरते. चव निम्म्यावर येते, पण घशाला चालतं.

सध्या तुळस बंद आहे. पुढच्या आठवड्यात अक्कलदाढ काढायची आहे आणि शस्त्रक्रियेच्या किमान दोन आठवडे आधी ती थांबवावी असं सांगतात, म्हणून आठ दिवसांपूर्वी थांबवली. कालपासून वर्गात पुन्हा खाकरणं सुरू झालंय. जखम भरली की कप परत सुरू करणार. तोवर मंजिऱ्या तेवढ्या खुडत राहते.