गाठींची मोरकी, 12 फुटी दोर आणि काठी: पावसाळा-हिवाळा वापरून झाल्यावर

हा संच घ्यावा का, तर घ्यावा. पण घोडं नुसतं बांधायला हवं असेल तर यात पैसे घालू नका, बाजारातली पट्ट्याची मोरकी, म्हणजे घोड्याच्या तोंडावर चढवायचा बिनलगामाचा साज, पुरते. हा संच आहे घोड्यासोबत जमिनीवर उभं राहून काम करायचा, ज्याला रायडिंगवाले ग्राउंडवर्क म्हणतात. खोगीर नाही, लगाम नाही, पाठीवर बसणं तर नाहीच.

खोक्यात तीनच वस्तू येतात: 6 मिमी दोरीची गाठी मारलेली मोरकी, 12 फुटी जाड दोर आणि 4 फुटी फायबरची काठी, टोकाला दोरी लावलेली. माहितीपत्रक म्हणून एक चिठ्ठी होती, त्यावर धुवायचं कसं एवढंच. मोरकी चढवायची कशी, यावर अवाक्षर नाही.

आमचं शेत नाशिकजवळ, गिरणाऱ्याच्या बाजूला. मैना काठेवाडी घोडी, दत्तजयंतीच्या सारंगखेड्याच्या यात्रेतून आणलेली. त्याआधी ती वरातीत नाचायची. नाचाची घोडी कशी तयार करतात हे ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. दोन्ही बाजूंनी दोर ताणलेले, समोर ढोल, पायांवर छडी आणि तोंडात काटेरी लगाम. काटेरी लगामावर 1965 च्या केंद्राच्या नियमांनीच बंदी आहे, पण यात्रेत तो आजही दिसतो. त्या शिकवणीचा परिणाम असा की मैनाच्या डोक्याला जरा ओढ लागली की मान आभाळात आणि पुढचे पाय हवेत. लोक म्हणायचे, घोडी खट्याळ आहे. मला तसं कधीच वाटलं नाही. ती शिकवलेलं इमानेइतबारे करत होती. ओढ लागली की नाचायचं, एवढंच तिला ठाऊक होतं. ओढ लागल्यावर नुसतं उभं राहिलं तरी चालतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

इथे गाठींच्या मोरकीचा उपयोग कळतो. रुंद पट्ट्यावर घोडं खुशाल रेलतं, त्याला काही टोचत नाही. बारीक दोरीची ओढ नाकाच्या हाडावर आणि कानामागे नेमकी कळते, आणि हात सैल केला की त्याच क्षणी नाहीशी होते. घोडं शिकतं ते या सुटण्यातून, ओढण्यातून नाही. म्हणून मोरकीइतकाच दोरही महत्त्वाचा. या संचातला दोर होडीला वापरतात तसा घट्ट विणीचा पॉलिस्टरचा आहे, हाताला जड. बोटं उघडली की आपल्याच वजनाने खाली पडतो, सूट लगेच पोचते. आमच्या जुन्या सुती दोराने ते कधी जमलं नाही, तो हवेतच लोंबत राहायचा.

सुरुवात मान खाली करण्यापासून केली. हनुवटीखाली दोर दोन बोटांत धरायचा आणि खाली अगदी हलका दाब द्यायचा, दोराच्या वजनापेक्षा थोडा जास्त. मैना मान वर न्यायची. हात तिच्यासोबत वर जाऊ द्यायचा, दाब वाढवायचा नाही आणि सोडायचाही नाही. मग कधीतरी कानाचं टोक बोटभर खाली यायचं. तेवढ्यावर बोटं उघडायची. बघणाऱ्याला यात काहीच दिसत नाही. आमच्याकडे घोडी बघणारे मामा पहिले काही दिवस बांधावर बसून हसायचे, "ताई, घोडी शिकवताय की मासे धरताय?" पण आठवड्याभरात मान माझ्या कमरेपर्यंत उतरू लागली, आणि मान खाली असलेलं घोडं पुढचे पाय उचलत नाही. मग मामाच सकाळी आधी मोरकी चढवून तयार राहू लागले.

त्यानंतर मागे सरकणं आणि मागचा भाग बाजूला नेणं. दुसरं मला सगळ्यात कामाचं वाटतं. मागचे पाय एकमेकांपुढून ओलांडायला लावले की घोड्याचा जोर मोडतो, उधळायच्या बेतात असेल तरी. हे दोन्ही बाजूंनी करावं लागतं. आपल्याकडे घोड्याला डावीकडूनच हाताळायची सवय, त्यामुळे उजवीकडे गेलं की मैनाला मी परकी वाटायचे आणि सगळं पहिल्यापासून. घोड्याला जवळजवळ चौफेर दिसतं, कपाळाच्या अगदी समोरचा आणि शेपटीमागचा भाग तेवढा सोडून. म्हणून नवं शिकवताना खांद्याशी उभं राहायचं, तोंडासमोर नाही.

काठी मारायला नाही. आपला हात जिथवर पोचत नाही तिथवर खाजवायला आणि दिशा दाखवायला. पण छडी खाल्लेल्या जनावराला हे पटायला वेळ लागतो. मी काठी हाती घेतली की मैनाच्या पोटाचे स्नायू आवळायचे. बरेच दिवस काठी फक्त पाठीवर, मानेवर, पायांवर घासायला वापरली. घाईचं गिऱ्हाईक असेल त्याने काठी घेऊच नये.

खरी परीक्षा ढोलाची. नाशिकमध्ये राहून ढोल टाळता येतच नाही. गणपतीआधी दीड-दोन महिने पथकांचा सराव चालतो. मी तोच वापरला. आवाज जेमतेम ऐकू येईल इतक्या अंतरावर उभं राहायचं, मैना नाचायच्या तयारीत आली की दोराने मागचा भाग फिरवायचा आणि ती थांबली की पाठ फिरवून आवाजापासून लांब न्यायची. लांब जाणं हेच बक्षीस. पुढच्या वेळी थोडं जवळ. अनंत चतुर्दशीपर्यंत ती सरावाच्या मैदानाच्या कुंपणापाशी उभी राहू लागली, कान सतत फिरत, पण चारही पाय जमिनीवर. ताशाची तडतड तिला अजून सोसत नाही. सिंहस्थाच्या रस्त्यांच्या कामांवरचे जेसीबी मात्र तिने फार मनावर घेतले नाहीत, कारण जेसीबीवर तिला कुणी नाचवलं नव्हतं.

नालबंदाचा फरक सगळ्यांनाच दिसला. दर सहा-आठ आठवड्यांनी तो येतो. आधी दोन माणसं धरायला लागायची. आता मी सैल दोर धरून उभी असते आणि तो चारही खुरांचं काम उरकतो.

नेटवर पॅट परेलींचे सात खेळ किंवा माँटी रॉबर्ट्स यांचं गोल कुंपणातलं काम (दोघेही घोडे शिकवणारे अमेरिकी) बघून गोल गोल पळवायचा मोह होतो. 12 फुटी दोरावर तो आवरा. एवढ्या लहान वर्तुळात दुडकी चालवत राहिलं तर सांध्यांवर आणि शिरांवर ताण येतो, आणि आपल्या काळ्या मातीत श्रावणात तर खूर रुततो. मी चिखल असला की चालवण्यापलीकडे काही केलं नाही. एका वेळी पंधरा-वीस मिनिटं पुरेत.

आता तक्रारी. मोरकी 'फुल साइज' म्हणून येते ती थोराड विदेशी घोड्यांच्या मापाची. काठेवाडी-मारवाडी घोड्यांचं तोंड निमुळतं, त्यांना ती सैल पडते आणि नाकावरची दोरी घसरून मऊ हाडावर येते. तिथे ओढ देणं धोक्याचं. दोरी गालाच्या हाडाच्या टोकाखाली साधारण दोन बोटं हवी. मामांनी गाठी ओल्या करून, सळईने उकलून, सरकवून पुन्हा मारल्या, मगच बसली. दुसरी तक्रार दोराच्या कडीची. लोखंडाची आहे, भाद्रपदापर्यंत गंजली आणि खटका अडकू लागला. शिवाय एवढी जड की दोर हलवला की हनुवटीवर आपटते. आम्ही कापून टाकली आणि दोर फासा घालून थेट मोरकीला अडकवला, तेच बरं चालतं. काठीचं रबरी टोक कधीच गळून पडलं. गालावर एका जागी केस घासले गेले होते, मोरकी काम झाल्यावर लगेच काढायला लागल्यापासून भरून आले.

दोर मात्र पक्का. त्र्यंबक बाजूचा पाऊस खाऊनही फुगला नाही, ताणला नाही, धुऊन वाळत टाकला की दुसऱ्या दिवशी तयार. डिसेंबर-जानेवारीत पहाटेच्या गारठ्यात मैनाच्या अंगात वारं भरतं, तेव्हा दोनदा तो हातातून सरसरत गेला. हातमोजे घाला. दोर हाताला गुंडाळायचा नाही, घड्या करून तळव्यात धरायचा.

आणि ही मोरकी घालून घोडं बांधू नका, चरायला तर मुळीच सोडू नका. ती तुटत नाही. घाबरून मागे ओढणाऱ्या घोड्याची मान दुखावते, दोरी तशीच राहते. घटकाभर अडकवावंच लागलं तर खुंटीला आधी सुतळीचा फेरा बांधा आणि दोर त्या सुतळीत, म्हणजे जोर आला की सुतळी तुटेल.

पाचपैकी चार. एक गुण कडीचा कापला. लहान माप आणि बिनकडीचा दोर वेगळा मिळत असेल तर तोच मागवा, काठी शेतावरच्या वेळूचीही चालते.