एक्स१००व्हीआय की जीआर ३?
परभणीचा माझा भाचा वेरूळ-अजिंठ्यासाठी फुजीफिल्म एक्स१००व्हीआय हा कॅमेरा घ्यावा की रिको जीआर ३, या पेचात आहे. दोहोंचे भिंग बदलता येत नाही आणि दोहोंत एपीएस-सी आकाराचा, म्हणजे फोनमधल्यापेक्षा बराच मोठा, सेन्सर (प्रकाश टिपणारी चकती) आहे.

अजिंठ्याच्या लेण्यांत फ्लॅश वापरण्यास मनाई असल्यामुळे अंधारातील कामगिरी हाच खरा निकष ठरतो. फुजीचे भिंग एफ/२ इतके उघडते, तर रिकोचे एफ/२.८ पर्यंतच (हा आकडा जितका लहान, तितके भिंग अधिक उघडते), म्हणजे फुजीत सुमारे दुप्पट प्रकाश येतो. हात हलल्याचा दोष सावरणारी यंत्रणा मात्र दोहोंत आहे. उलट, अरुंद दालनात रिकोची २८ मिमी समतुल्य चौकट (आकडा लहान, तितकी चौकट रुंद) फुजीच्या ३५ मिमीपेक्षा अधिक भिंत सामावून घेते.

वजनात रिको सरस आहे: २५७ ग्रॅमचा हा कॅमेरा सदऱ्याच्या खिशात मावतो, तर ५२१ ग्रॅमचा फुजी गळ्यातच अडकवावा लागतो. फुजीवरच्या, फिरवून सेटिंग बदलायच्या जुन्या धाटणीच्या चकत्या देखण्या असल्या, तरी माझ्या मते फुजीचे मोल त्याच्या डोळा लावून पाहायच्या दृश्यदर्शकात आहे, कारण मराठवाड्याच्या उन्हात नुसत्या पडद्यावर काही दिसत नाही. रिकोला दृश्यदर्शक नाही, बॅटरीही लवकर संपते, आणि आतबाहेर सरकणाऱ्या भिंगातून धूळ आत शिरण्याची भीती राहते. किंमत फुजीचीच जास्त.

लेणी आणि उन्हातली भटकंती यांसाठी फुजी, तर बाजारात कुणाच्या लक्षात न येता टिपायचे असल्यास रिको घ्यावा.