‘98 टक्के डिलिव्हर्ड’, आणि पेटी एकही गेली नाही

हापूसचा धंदा मार्च ते मे. घरपोच पेट्या पाठवणाऱ्या बागायतदाराकडे जुन्या गिऱ्हाइकांचे ईमेल असतात, आणि आंबा उतरायला लागला की त्यांना मेल जातो: या आठवड्यात पाच डझनाची पेटी केवढ्याला, मुंबई-पुण्याची गाडी कोणत्या वारी. देवगडकडच्या अशाच एका बागेकडे 2,300 पत्ते होते. मार्चमध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर एकाची ऑफर आली: 4 लाख ‘व्हेरिफाइड’ पत्ते, इनबॉक्सची गॅरंटी, वर ‘नेटवर्क प्रमोशन’, सगळं मिळून 28,000 रुपये. निम्मे आधी, यूपीआयने, वैयक्तिक खात्यावर. जीएसटीचं बिल मागितलं तर ‘काम झाल्यावर देतो’.

बागेने ऑफर घेतली. पैसे बुडाले ते बुडालेच. पण एप्रिलच्या मध्यापर्यंत बागेच्या स्वतःच्या ऑर्डर-पावत्यासुद्धा लोकांच्या स्पॅममध्ये जाऊ लागल्या. ‘पैसे भरले, मेल नाही आला’ असे फोन सुरू झाले. सीझन तेवढ्यात हातचा गेला.

आधी त्या ‘व्हेरिफाइड’ शब्दाचं बघू. पत्ता व्हेरिफाय केला म्हणजे तो अस्तित्वात आहे इतकंच कळतं. त्यामागच्या माणसाने तुमचा मेल मागितलाय का, याच्याशी त्याचा काही संबंध नाही. स्पॅम पकडायला मुद्दाम पेरलेले सापळ्याचे पत्तेही अस्तित्वात असतातच, तेही व्हेरिफिकेशनमध्ये पास होतात. हे पत्ते कोणी कधी कुठे नोंदवलेले नसतात, वेबसाइट खरवडून यादी बनवणाऱ्यालाच फक्त ते सापडतात. त्यामुळे त्यांच्यावर मेल गेला की यादी विकत घेतलेली आहे हे लगेच उघड होतं. दुसऱ्या जातीचे सापळे म्हणजे कित्येक वर्षं बंद पडलेले आणि मेल कंपनीने परत चालू केलेले पत्ते. विकाऊ यादी ओळखायची तर पहिल्या 200 ओळी वाचा. ‘इन्फो’, ‘सेल्स’, ‘अ‍ॅडमिन’ने सुरू होणारे पत्ते भरपूर असतील, नावं एबीसीच्या क्रमाने लागलेली असतील आणि कोणी कधी, कुठे नाव नोंदवलं याचा रकानाच नसेल, तर ती यादी रद्दी आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 2023 मध्ये झाला, त्याचा मुख्य भर संमतीवर आहे. अशा यादीत संमती कोणाचीच नसते.

मग ‘डीएनएसमध्ये एक ओळ टाकायची आहे, डोमेनचं लॉगिन द्या’ असं सांगून त्या यादीवाल्याने लॉगिन घेतलं. डीएनएस म्हणजे डोमेनच्या, म्हणजे इंटरनेटवरच्या आपल्या नावाच्या, नोंदींची वही. त्यातली एसपीएफ नावाची ही नोंद म्हणजे तुमच्या डोमेनच्या नावाने कोणकोणत्या सर्व्हरने मेल पाठवायचा त्याची परवानगीची यादी. त्याने लिहिलेली ओळ अशी होती: ‘व्ही=एसपीएफ1 +ऑल’. त्या अधिक चिन्हाचा अर्थ, जगातला कुठलाही सर्व्हर बागेच्या नावाने मेल पाठवू शकतो. घराला कुलूप लावून किल्ली पाराला टांगून ठेवण्यातला प्रकार. शेवटी ‘~ऑल’ किंवा ‘-ऑल’ पाहिजे आणि आधी फक्त आपल्या मेल सेवेचं नाव. एसपीएफच्या दोन वेगळ्या नोंदी झाल्या किंवा तपासणीत 10 पेक्षा जास्त डीएनएस लुकअप लागले, तरी ती नोंद बाद होते.

त्याने असं का केलं? कारण त्याच्याकडे कुठल्या धड मेल सेवेचं खातंच नव्हतं. विकतची यादी दिसली की अशा सेवा खातं बंद करतात. म्हणून भाड्याचा स्वस्त सर्व्हर, त्यावर मेल पाठवायचं फुकटचं पॅनेल, आणि पाठवणारा म्हणून बागेचं मुख्य डोमेन. पहिल्याच दिवशी 40,000 मेल. डीकेआयएमची, म्हणजे मेल खरंच त्या डोमेनकडून आला हे दाखवणारी, डिजिटल सही नाही, वर्गणी रद्द (अनसबस्क्राइब) करायचं एका क्लिकचं बटण नाही. जीमेलने फेब्रुवारी 2024 पासून जीमेल खात्यांना दिवसाला 5,000 किंवा जास्त मेल पाठवणाऱ्यांवर अटी घातल्या आहेत: एसपीएफ आणि डीकेआयएम दोन्ही, डीमार्कची नोंद (या तपासणीत न बसणाऱ्या मेलचं काय करायचं ते सांगणारी), एका क्लिकमध्ये वर्गणी रद्द, आणि स्पॅमच्या तक्रारी 0.3 टक्क्यांच्या आत, म्हणजे हजारात तीनही नकोत. याहूनेही तेव्हाच जवळपास तसंच केलं, आउटलुकने मे 2025 पासून एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क सक्तीचे केले.

आता रिपोर्ट. एक्सेलमध्ये हिरव्या रंगात ‘डिलिव्हर्ड 98%’. मेख याच शब्दात आहे. समोरच्या मेल सर्व्हरने ‘250 ओके’ म्हटलं की मेल डिलिव्हर्ड धरतात. तो पुढे इनबॉक्समध्ये पडला, प्रमोशन्समध्ये की स्पॅममध्ये, ते त्यातून कळत नाही. या पॅनेलमध्ये तर तेवढंही नव्हतं. आपल्याच सर्व्हरच्या रांगेत मेल लावला की पॅनेल त्याला डिलिव्हर्ड म्हणत होतं. परत आलेले मेल कुठे जात होते? बागेच्या ऑर्डरच्या मेलबॉक्समध्ये. ‘मेल डिलिव्हरी सबसिस्टिम’कडून हजारो मेल, आत ‘550 5.1.1’, म्हणजे असा पत्ताच नाही. मालकाने विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, ‘ते ऑटो-रिप्लाय आहेत, डिलीट करून टाका.’ त्या ढिगात खऱ्या ऑर्डरीही पुसल्या गेल्या.

इनबॉक्सचा पुरावा म्हणून सहा स्क्रीनशॉट दिले होते. ती त्याची स्वतःचीच खाती. आधीचे मेल उघडलेले, पाठवणारा कॉन्टॅक्टमध्ये सेव्ह केलेला. अशा खात्यात जवळजवळ काहीही इनबॉक्समध्येच पडतं. खरी परीक्षा करायची तर ज्याने तुमचा मेल कधी पाहिला नाही अशा ओळखीच्या माणसाच्या जीमेलवर पाठवा, मेल उघडून तीन टिंबांखालचं ‘शो ओरिजिनल’ दाबायला सांगा आणि वरच्या तक्त्यात एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क तिन्हीपुढे ‘पास’ आहे का ते बघा. अर्थात पास असणं म्हणजे नुसतं ओळखपत्र, इनबॉक्सचा हक्क नव्हे. साध्या मेलसाठी जीमेलच्या इनबॉक्समध्ये जागा विकत मिळत नाही. गॅरंटी देणाऱ्याला तिथेच नमस्कार करावा.

‘ओपन 61%’ हाही असाच आकडा. सप्टेंबर 2021 पासून अ‍ॅपलच्या मेल अ‍ॅपमध्ये गोपनीयतेची सोय आहे. ती चालू असली की मेलमधली चित्रं माणसाने न उघडताच आधी उतरवली जातात, म्हणून ओपनचे आकडे फुगतात. जपून वापरले तर ते उपयोगी आहेत, पण पुरावा म्हणून नाहीत.

‘नेटवर्क प्रमोशन’ म्हणजे दुसऱ्यांच्या न्यूजलेटरमध्ये आपली जाहिरात, क्लिकच्या हमीसह. जाहिरात गेली सकाळी 10 ला, 10 वाजून 4 मिनिटांपर्यंत 1,900 क्लिक आले. मेलमधली प्रत्येक लिंक दाबलेली, ‘वर्गणी रद्द’ची सुद्धा! माणूस तसं करत नाही. क्लिकचे आयपी (इंटरनेटवरचे पत्ते) डेटा सेंटरचे, म्हणजे यंत्रांचे, पानावर थांबणं शून्य सेकंद, आणि त्या जाहिरातीपुरता दिलेला कूपन कोड एकदाही वापरला गेला नाही. म्हणून अशी जाहिरात घ्यायचीच असेल तर वेगळा कूपन कोड ठेवा आणि पैसे ऑर्डरीवर ठरवा, क्लिकवर नको.

पुढचं सोंग जास्त बेरकी होतं. तक्रार केल्यावर त्याने गूगलच्या पोस्टमास्टर टूल्सचा (आपल्या मेलचं जीमेलवर काय होतं ते दाखवणाऱ्या सोयीचा) आलेख पाठवला: स्पॅम दर शून्य. आकडा खरा होता. हा दर इनबॉक्समध्ये पोचलेल्या मेलांपैकी किती जणांनी ‘स्पॅम’ दाबलं यावरून काढतात. सगळेच मेल आधीच स्पॅममध्ये पडत असतील तर तक्रार करणार कोण? पोस्टमास्टर टूल्स फुकट आहे. स्वतः लावा आणि पहिल्या दिवसापासून बघा. एकाएकी शून्यावर आलेली रेघ बघून पेढे वाटू नका.

त्यानंतर ‘ब्लॅकलिस्ट काढून देतो, 15,000’ म्हणणारा दुसराच कोणी आला. 1998 पासून चालणाऱ्या स्पॅमहाउस या स्पॅमविरोधी संस्थेच्या काळ्या यादीत डोमेन आहे का ते त्यांच्या साइटवर कोणालाही बघता येतं, आणि नाव काढायला ते पैसे घेत नाहीत. कारण दूर करा, अर्ज भरा, एवढंच.

निस्तरायचं तर क्रम महत्त्वाचा. आधी डोमेनचा पासवर्ड बदला, दोन टप्प्यांचं व्हेरिफिकेशन लावा, नेमसर्व्हर (डीएनएसची वही ठेवणारे सर्व्हर) हलवले नाहीत ना ते पाहा. मग एसपीएफ नीट करा, आपल्या मेल सेवेत डीकेआयएम चालू करा, डीमार्क ‘पी=नन’ने (म्हणजे मेल अडवू नका, फक्त कळवा) सुरू करून त्याचे रिपोर्ट वाचा. त्या माणसाने टाकलेल्या बाकी नोंदी आणि एपीआय की (दुसऱ्या प्रोग्रामला आपलं खातं वापरू देणाऱ्या किल्ल्या) पुसा. विकतची यादी अख्खी फेका, ‘चाळून’ वापरायचा मोह नको. न्यूजलेटर ‘बातमी’सारख्या वेगळ्या सबडोमेनवरून आणि पावत्या मुख्य डोमेनवरून पाठवा. सुरुवात मागच्या सीझनला खरंच पेटी घेतलेल्यांपासून, 200-200 च्या तुकडीने. परत आलेला पत्ता लगेच काढायचा, तक्रारी नसतील तरच पुढची तुकडी वाढवायची. काही आठवडे जातात. आंब्याच्या धंद्यात काही आठवडे म्हणजे अर्धा सीझन, म्हणून हे काम जानेवारीतच उरकलेलं बरं.

यादी वाढवायची तर पेटीत टाकायच्या चिठ्ठीवर क्यूआर, बिलाच्या तळाशी लिंक, आंबा महोत्सवाच्या स्टॉलवर वही. नाव आलं की ‘होय, पाठवा’ असं कबूल करून घेणारा एक मेल, आणि त्यावर क्लिक झाल्यावरच पत्ता यादीत.

पैशाची तक्रार 1930 वर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर, जितकी लवकर तितकी बरी. यूपीआयचा संदर्भ क्रमांक आणि व्हॉट्सअ‍ॅप चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा. फोन बदलला की ते हमखास हरवतं.

आणि यादी कोणाला देण्याआधी त्यात स्वतःचा एक खुणेचा पत्ता घाला: जीमेलच्या नावापुढे अधिक चिन्ह आणि ‘पेटी26’सारखा शब्द. मेल नेहमीच्याच खात्यात येतो, पण कोणत्या पत्त्यावर आला ते दिसतं. बागेने त्याला आपली 2,300 पत्त्यांची यादीही दिली होती, त्यात तो घातला होता. जूनमध्ये त्या पत्त्यावर एका अनोळखी फ्लॅट बांधणाऱ्याची जाहिरात आली. 28,000 देऊन 2,300 गिऱ्हाइकंही त्या माणसाच्या पुढच्या यादीत गेली होती.